एक घर, एक रात्र आणि एक मृत्युपत्र

"ती पोरगी काहून गेली त्या घरात एकटी? तेही रातच्या वेळी?" आत्याने विचारले.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. वडशाजवळच्या आपल्या गावाहून आत्या गुडघे दाखवायला म्हणून आमच्याकडे चंद्रपूरला आली होती. वय चौऱ्याहत्तर. इंग्रजीचे अक्षर कळत नाही, पण नाटक-सिनेमाचे वेड असे, की डॉक्टर गोळ्या समजावून सांगत होते आणि हिचे लक्ष दवाखान्याच्या भिंतीवरच्या टीव्हीत! आमचे हे कामानिमित्त बाहेरगावी, मुलगा पुण्याला शिकायला. घरात आम्ही दोघीच. वरणभात लवकर उरकून मी टीव्हीला इंटरनेट जोडले आणि एक जुनापुराणा अमेरिकन बोलपट लावला. साल १९३२, काळा-पांढरा, नाव 'द थर्टीन्थ गेस्ट'. म्हणजे तेरावा पाहुणा.

"तिला आज एकवीस वर्षं पूर्ण झाली ना आत्या," मी सांगितले. "आता घराण्याची इस्टेट तिच्याकडे यायची आहे."

"मंग मारतेत तिला," आत्या म्हणाली आणि शाल ओढून नीट सरसावून बसली.

आत्याचा अंदाज कितपत खरा ठरला, ते मी तुम्हांला सांगणार नाही. रहस्यपटाचा शेवट फोडणे म्हणजे पाहुण्यांच्या आधी ताट उष्टे करण्यासारखे. पण तिने इंग्रजी न समजता पाच मिनिटांत जे ओळखले, त्याने मी चकित झाले. गेली दोन वर्षे दुपारची आवराआवर झाली, की मी हे जुने चित्रपट पाहते. कोणी कादंबरी वाचते, कोणी स्वेटर विणते, तसा माझा हा छंद. आजवर मी पडद्यावरच्या सुरीकडे आणि सावलीकडे बघत होते. आत्याने थेट इस्टेटीवर बोट ठेवले.

आधी हे बोलपट आहेत तरी काय, ते सांगते.

'द जॅझ सिंगर' हा चित्रपट अमेरिकेत ६ ऑक्टोबर १९२७ रोजी लागला आणि मुका सिनेमा बोलू लागला. आपल्याकडे 'आलम आरा' १९३१ साली आला आणि प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली. म्हणजे मी सांगते आहे तो काळ आपल्याही बोलपटांच्या बाळपणाचा. ध्वनी आला, पण त्याबरोबर नसती दुखणीही आली. कॅमेऱ्याचा खडखडाट ध्वनीमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस यांना एका बंद खोक्यात कोंडून घालत. मायक्रोफोन फुलदाणीत नाही तर टेबलावरच्या दिव्यात लपवत, आणि नटनट्यांनी त्याच्याभोवती गोळा होऊन बोलायचे. मोकळ्या हवेत, नदीकाठी, घोड्यावर बसून बोलणे कठीण. चार भिंतींच्या आत बसून बोलणे सोपे.

त्यात १९२९ साली अमेरिकेत मंदी आली. माणसांच्या नोकऱ्या गेल्या, थिएटरे ओस पडू लागली. तेव्हा थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची युक्ती काढली. पहिला मोठ्या कंपनीचा, मोठ्या नटांचा. दुसरा नुसता जोडीला. भाजीवाला मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतो ना, तसा. ह्या काड्या पुरवायला हॉलिवूडमध्ये छोट्या कंपन्यांचे पीक आले. मोनोग्राम, मॅजेस्टिक, चेस्टरफील्ड, इन्व्हिन्सिबल, टिफनी अशी त्यांची नावे. त्यांतल्या कितीतरी कंपन्या गोवर स्ट्रीट नावाच्या एका रस्त्याच्या आसपास होत्या. लोकांनी त्या वस्तीचे नावच पाडले 'पॉव्हर्टी रो', म्हणजे दारिद्र्याची आळी.

ह्या आळीतला चित्रपट आठ-दहा दिवसांत पुरा करायचा असे. नवा सेट उभारायला पैसा नाही, पोशाखांना नाही, संगीताला तर नाहीच. आता सांगा, एवढ्या पैशांत कोणती गोष्ट बसेल? राजाराणीची बसणार नाही, लढाईची बसणार नाही. बसेल ती एका घरात, एका रात्रीत घडणारी. बाहेर वादळ, म्हणजे कोणाला घराबाहेर पडायला नको आणि आपल्याला बाहेरचे दृश्य दाखवायला नको! दिवे गेले, म्हणजे सेट दिसायला नको. एक करकरणारे दार, एक घड्याळ, एक किंकाळी. आवाजाचे नवे यंत्र हाताशी होतेच. ह्या वस्तू फुकटच्या.

घरात चार माणसे अवचित जेवायला आली आणि डब्यात मूठभर डाळ असली, की आपण काय करतो? पाणी वाढवतो, फोडणी कडक देतो. तसेच हे.

'द व्हॅम्पायर बॅट' ह्या १९३३ सालच्या चित्रपटाची गोष्ट तर मला फार आवडते. मॅजेस्टिक कंपनीकडे सेट नव्हता. त्यांनी युनिव्हर्सल ह्या मोठ्या कंपनीचे आयते सेट भाड्याने घेतले. 'फ्रँकेन्स्टाइन'साठी उभारलेले गाव आणि 'द ओल्ड डार्क हाउस'साठी सजवलेला वाड्याचा अंतर्भाग. दिवसा तिथे धन्याचे काम चाले, म्हणून ह्यांनी रात्री चित्रीकरण केले. लग्नघरात शेजारची पातेली आणून पंगत उठवावी ना, अगदी तसे. त्यात काम करणारी फे रे त्याच वर्षी 'किंग काँग'मध्ये अवाढव्य वानराच्या मुठीत दिसली आणि जगभर प्रसिद्ध झाली.

'तेरावा पाहुणा'मधली नायिका म्हणजे जिंजर रॉजर्स. पुढे फ्रेड अस्टेअरबरोबर नाचून जिने साऱ्या जगाला वेड लावले आणि 'किटी फॉयल'साठी ऑस्कर मिळवले, तीच. ह्या चित्रपटात ती जेमतेम एकविशीची आहे. गोष्ट अशी, की तेरा वर्षांपूर्वी एका श्रीमंत घरी जेवणाची पंगत बसली होती. बारा माणसे आली, तेरावी खुर्ची रिकामी राहिली. घरधन्याने आपल्या मिळकतीचा मोठा वाटा त्या न आलेल्या तेराव्या पाहुण्याच्या नावे करून ठेवला. घर बंद झाले. आता तेरा वर्षांनी त्या पंगतीतल्या माणसांचे एकेक प्रेत आपापल्या जुन्या खुर्चीवर बसलेले सापडू लागते! आणि मारायची तऱ्हा कोणती, तर टेलिफोन उचलला, की विजेचा झटका. ते दृश्य आले तेव्हा आत्याने माझा मोबाइल हळूच टीपॉयच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवून ठेवला.

रॉजर्सचाच 'अ श्रीक इन द नाइट' १९३३ सालचा. दिग्दर्शक तोच, आल्बर्ट रे, आणि नायकही तोच, लाइल टॅलबॉट. त्यात ती वार्ताहर आहे. उंच इमारतीवरून एक धनाढ्य माणूस खाली पडून मरतो. ती त्याच्याच घरी सेक्रेटरी म्हणून शिरलेली असते आणि बातमीसाठी पुरुष वार्ताहराशी टक्कर देते. कथा ठिसूळ आहे, हे कबूल करते. पण १९३३ साली नोकरी करणारी, चटकन उलट उत्तर देणारी, घाबरली तरी दाराची कडी काढून बघणारी बाई पडद्यावर होती, याची मला मौज वाटते.

ह्या चित्रपटांत सगळेच गोड नाही, बरं का. हसवण्यासाठी एक भित्रा काळा नोकर घालायची वाईट खोड होती. १९३२ च्या 'द मॉन्स्टर वॉक्स'मध्ये विली बेस्ट ह्या गुणी नटाने ते काम केले आहे. श्रेयनामावलीत त्याचे खरे नावही नाही. 'झोपा आणि खा' अशा अर्थाचे टोपणनाव छापले आहे. ते पाहताना आजही मान खाली जाते.

पण त्याच चित्रपटाने मला आत्याच्या प्रश्नाकडे परत नेले.

सगळे एका घरात जमतात ते कशाला?

पैसा नाही म्हणून एक घर, एक रात्र, हे ठरले. पण लेखकापुढे पेच राहतोच. एकमेकांचे तोंड न बघणारी आठ-दहा माणसे वादळी रात्री एका घरात येतील कशाला? लग्नाला म्हणावे तर लग्न खर्चाचे. सणाला म्हणावे तर सणाला असली माणसे येत नाहीत. त्यांना खेचून आणणारी वस्तू एकच, ती म्हणजे मृत्युपत्राचे वाचन. एक वकील, एक कागद, एक टेबल. याहून स्वस्त प्रवेश रंगभूमीवरही सापडायचा नाही.

ही युक्ती दारिद्र्याच्या आळीने काढलेली नव्हती. १९२२ साली जॉन विलर्डचे 'द कॅट अँड द कॅनरी' हे नाटक न्यूयॉर्कला आले आणि १९२७ साली त्यावर मूकपट निघाला. म्हाताऱ्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी मध्यरात्री मृत्युपत्र उघडायचे. सगळी इस्टेट दूरच्या नात्यातल्या ॲनाबेलला मिळते, पण एक अट असते. ती शहाणी आहे असे डॉक्टरने म्हटले पाहिजे. वेडी ठरली, तर इस्टेट दुसऱ्याला. मैत्रिणींनो, आता त्या रात्री काय काय घडत असेल! भिंतीतून हात येतो, गळ्यातला हार जातो, ती सांगत सुटते, आणि नातेवाईक एकमेकांकडे बघून मान हलवतात. तिला मारायचीही गरज नाही. तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, की काम झाले.

'द मॉन्स्टर वॉक्स'मध्येही तेच. वडील वारल्याचे कळून मुलगी घरी येते. तळघरात पिंजऱ्यात एक वानर आहे, चाकाच्या खुर्चीवर बसलेले काका आहेत, वर्षानुवर्षे घर सांभाळणारी बाई आहे. इस्टेट मुलीची. ती नसेल तर काकांची. रात्री तिच्या उशाशी केसाळ हात येतो, आणि सगळी म्हणतात, वानराचाच असणार. आम्ही दोघींनी हा दुसऱ्या रात्री पाहिला. आत्या पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाली, "त्या जनावराला काय करायचं आहे जमिनीचं?"

आमचा मुलूख जंगलाचा. ताडोबा आमच्या अंगणात म्हणा ना. इथे अंधाराची भीती खोटी नाही. संध्याकाळी सरपणाला गेलेली बाई परतली नाही, की गाव दिवट्या घेऊन निघते. लहानपणी आम्हांला शिकवलेले भय सगळे दाराबाहेरचे, म्हणजे वाघ, बिबट, रानडुक्कर, साप. दार लावले, कडी घातली, की सुटलो. ह्या चित्रपटांत मात्र कडी आतून लागते आणि मग खरी गोष्ट सुरू होते. ज्याची भीती वाटावी, तो जेवणाच्या टेबलावर आपल्या शेजारी बसून मीठ मागत असतो.

तीन मुलांची आई

असल्या गोष्टींना अमेरिकेत घरोघर नेले ते एका गृहिणीने. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट तिचे नाव. ती नर्स झाली, डॉक्टरशी लग्न झाले, तीन मुलगे झाले. १९०३ साली शेअरबाजार कोसळला आणि नवराबायकोची साठवण बुडाली. मग संसाराला हातभार म्हणून ती लिहू लागली. तिची 'द सर्क्युलर स्टेअरकेस' ही कादंबरी १९०८ साली निघाली. एक प्रौढ अविवाहित बाई उन्हाळ्यापुरते भाड्याने घर घेते आणि त्या घरात खून पडतो. 'तेव्हाच मला कळलं असतं तर' अशा चालीने ती बाई गोष्ट सांगते. ही चाल पुढे इतकी चालली, की टीकाकारांनी तसे लिहिणाऱ्या बायकांचा एक पंथच मानला आणि त्याची टिंगल केली. टिंगल करोत बापडे! पुस्तके खपत राहिली.

त्याच कादंबरीवरून तिने एव्हरी हॉपवुडबरोबर 'द बॅट' हे नाटक लिहिले. ते १९२० साली न्यूयॉर्कला लागले आणि दोन वर्षे चालले. १९३० साली त्याचा 'द बॅट व्हिस्पर्स' हा बोलपट झाला. शेवटी एक नट पडद्यावर येऊन प्रेक्षकांना विनवतो, की खुनी कोण ते बाहेर जाऊन कुणाला सांगू नका. म्हणूनच मघाशी मी ताट उष्टे करायचे नाही म्हटले.

राइनहार्टबाईंचे पुढचे आयुष्यही कादंबरीसारखेच. १९४७ साली त्यांच्या जुन्या स्वयंपाक्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखले. गोळी सुटलीच नाही, म्हणून वाचल्या. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या एका बायकांच्या मासिकात आपल्याला स्तनाचा कर्करोग झाला होता, शस्त्रक्रिया झाली, हे उघडपणे सांगितले आणि बायकांना तपासणी करून घ्यायला सांगितले. कर्करोगाचे नावही मोठ्याने न घेण्याचे ते दिवस होते. त्यांच्या वीस रहस्यांपेक्षा ती एक मुलाखत मोठी, असे माझे मत.

आमचा तेरावा पाहुणा

आत्याला इंग्रजी येत नसताना हे सगळे कळते कसे, याचे उत्तर आमच्या झाडीपट्टीत आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि झाडांचा मुलूख. (गडचिरोली १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा जिल्हा झाला, पण सोयरिकी काही वेगळ्या झाल्या नाहीत.) भाऊबीजेला मंडई भरली, की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे त्याचे ठाणे. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे ओळीने आहेत. एकेक नाटक रात्री सुरू होते आणि उजाडताना संपते. ह्या रंगभूमीवर जन्म काढलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागात घरचे लग्न असल्यासारखा आनंद झाला होता.

नाटक असलेल्या दिवशी गावात घरोघर पाहुणे. माझी आई आणि आत्या पंचवीस-तीस माणसांचे जेवण उरकून, भांडी घासून, मूल खांद्यावर टाकून मंडपात पोहोचायच्या, तोवर एक अंक संपलेला असायचा. पहिला अंक बघितला नाही तरी त्यांना सगळे समजायचे. कारण गोष्ट तीच. घर तेच, भाऊ तेच, कोपऱ्यात उभी असलेली बहीण तीच. रंगमंचाच्या तोंडाशी दडून बसलेला प्रॉम्प्टर वाक्ये पुरवायचा. कालच दुसऱ्या गावी दुसरे नाटक करून आलेला नट कान तिकडे लावून ती उचलायचा, आणि मधल्या शांततेत बायका मोठ्याने सांगायच्या, "बाई, दाराआड हाय तो!"

त्या अमेरिकन बोलपटांतही नट दोन वाक्यांच्या मध्ये असाच थांबतो. तेव्हा पार्श्वसंगीत मागाहून मिसळणे जिकिरीचे होते, म्हणून मागे सारे शांत असते. शहरातल्या मुलांना ते कंटाळवाणे वाटते. माझा मुलगा तर दीडपट वेगाने लावतो. आत्याला ती शांतता अगदी ओळखीची. "प्रॉम्प्टर झोपला वाटते," म्हणाली.

'द घोस्ट वॉक्स' नावाचा १९३४ चा एक बोलपट आहे. नवे नाटक निर्मात्याच्या गळी उतरवायला एक नाटककार त्याला वादळी रात्री एका घरी नेतो. तिथली माणसे म्हणजे त्याने ठरवलेले नट. निर्मात्याला न सांगता नाटक सुरू होते, आणि मध्येच खराखुरा खून पडतो. ज्या बहिणींना झाडीपट्टीची सवय आहे, त्यांनी सुरुवात ह्याच्यापासून करावी.

आणि ज्यांना इंग्रजी नकोच, त्यांनी नंदाचा 'इत्तेफाक' पाहावा. मास्टर विनायकांची ही मुलगी. वडील १९४७ साली गेले आणि लहानपणीच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. सोशिक बहीण, सालस बायको अशा भूमिकांत अडकलेली. यश चोप्रांचा मोठा चित्रपट अडून पडला होता, त्या मधल्या वेळात महिनाभरात त्यांनी १९६९ साली हा उरकला. एक घर, एक रात्र, वेडाच्या दवाखान्यातून पळालेला राजेश खन्ना, आणि गाणे एकही नाही. दारिद्र्याच्या आळीचीच रीत! पण त्यातली नंदा पाहा. घरातल्या घरात, साडीचा पदर सावरत, किती निराळे काम केले आहे तिने. मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ चा. त्याचाच पुढे हिंदीत 'मेरा साया' झाला. त्यातही बायकोचे म्हणणे खरे मानायचे की नाही, हाच खटला आहे.

रविवारी

आता जे सांगते, ते लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला.

माझा धाकटा भाऊ त्या रविवारी येणार होता. आजोबांची धानाची जमीन रस्त्याला लागून आहे. तिला गिऱ्हाईक आले होते. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे वडील आणि आत्या दोघांची नावे लागली होती. चार वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा त्यांच्या जागी भावाचे आणि माझे नाव लागले. आत्याने तिच्या वाट्याचा एक पायलीभर तांदूळ कधी मागितला नाही. दर भाऊबीजेला साडी मिळे, ती घेऊन जायची. भाऊ हक्कसोडपत्राचे दोन कागद करून आणणार होता, एक तिचा, एक माझा. फोनवर म्हणाला, "ताई, फक्त सह्या. आत्याच्या गुडघ्यांमुळे रजिस्ट्रार ऑफिसात गाडीने नेतो." प्रेमळ आहे तो. वाईट नाही. आजवर मला त्यात वावगे काही वाटले नव्हते, हेच खरे सांगायचे आहे.

कायदा मला ठाऊक नव्हता असे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ साली केंद्राने तो भेद काढला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मतःच असतो, २००५ साली वडील हयात नसले तरी तो जात नाही, असा निकाल दिला. आमच्या जिल्ह्यांतल्या गोंड, माडिया बहिणींना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांच्यात रूढी चालते. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदले, की ते मागे फिरवणे फार अवघड. हे सगळे मी ह्याच पानांसारख्या पानांतून वाचलेले आहे. वाचते, कात्रण काढते, आणि पोळ्या लाटायला उठते.

शनिवारी रात्री आम्ही काही पाहिले नाही. आत्याच्या गुडघ्यांना मी तेल चोळत होते. ती म्हणाली, "त्या पोरीनं सही केली असती त् जगली असती का वो?"

"कोणत्या?"

"वानराच्या घरातली."

मला हसू आले नाही. मी म्हटले, "तिला कोणी सही मागितलीच नाही, आत्या."

"आपल्याले मागतेत," ती म्हणाली. "आपले लोक चांगले हायेत."

रविवारी भाऊ आला. चहा झाला, पोहे झाले. त्याने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले, पेन ठेवले. आत्या खुर्चीत बसली होती. तिने चष्मा लावला, काढला, पुसला. मग म्हणाली, "वाचून दाखव."

"अगं, नेहमीचंच आहे त्यात."

"पूरा वाच. मी ऐकतो." रागात असली, की आत्या पुरुषासारखी बोलते.

त्याने वाचले. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन येत होते, रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालले होते. 'स्वखुशीने', 'कोणाच्याही दडपणाशिवाय', 'कोणताही मोबदला न घेता', एकेक शब्द तो वाचत गेला, आणि वाचता वाचता त्याचाच आवाज उतरत गेला. गट क्रमांक आला, क्षेत्र आले. क्षेत्राचा आकडा आत्याने दोनदा वाचायला लावला. एवढी जमीन आहे, हे तिला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळले.

वाचन संपले. कोणी बोलले नाही. मी माझ्या कागदाकडे बघत होते. माझ्या नावाखाली टिंबांची ओळ होती.

आत्याने हात पुढे करून दोन्ही कागद घेतले, घडी घातली आणि पोलक्यात खोचले. "राहू दे माह्याजवळ," ती भावाला म्हणाली. "तू जेवून जा. वांग्याची भाजी केली हाय."

तो जेवला. पोळी जास्त वाढली, तर नको म्हणाला नाही. जाताना मला म्हणाला, "ताई, तूही?" मी म्हटले, "मला वकिलांना विचारू दे रे एकदा. तूही ये सोबत." तो बरे म्हणाला. फाटकापाशी गाडी सुरू करून मिनिटभर तसाच बसून राहिला, आणि गेला.

कागद अजून आत्याच्या ट्रंकेत आहेत. वकिलांची वेळ पुढल्या बुधवारची मिळाली आहे. गुडघ्यांना थोडा उतार आहे. काल रात्री जेवणे झाल्यावर तिने स्वतःच टीव्हीचा रिमोट माझ्या हातात आणून दिला.

"तो खुर्च्यांचा लाव पुन्हा," म्हणाली. "त्या तेराव्या खुर्चीवर कोण बसते, ते मला नीट पाहू दे."